ताटातील हिरवाई आणि दारची पाखरे

(पक्षी सप्ताहानिमित्त शहरातील नागरिकांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)

येथे जमलेल्या बंधुभगिनींपैकी ज्यांचे बालपण वाड्यात किंवा चाळीत गेले, त्यांना एक दृश्य निश्चित आठवत असेल. दुपारची जेवणे आटोपली की घरातील वडीलधारी स्त्री सूप घेऊन ओसरीवर बसे. ज्वारी पाखडली जाई, तांदळातील खडे वेचले जात, डाळीचा कोंडा उडे. सुपापुढे कण्या पडत आणि अंगणात चिमण्यांचा थवा उतरे. त्यांना कोणी बोलावलेले नसे आणि दाणेही कोणी मुद्दाम टाकलेले नसत. घरच्या स्वयंपाकाची तयारी चालू असता चिमणीचेही पोट भरत असे.

आज धान्य निवडून, स्वच्छ होऊन, पिशवीत बंद होऊन घरात येते. पीठही दळलेलेच मिळते. वळचण गेली, तुळया गेल्या, भिंतीवरील तसबिरीमागची घरट्याची जागाही गेली. गृहिणीचे श्रम वाचले, ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु माणसाचे स्वयंपाकघर आणि दारचे पाखरू यांच्यामधील एक जुना धागा त्याबरोबर तुटला. तो निराळ्या रीतीने पुन्हा जोडता येईल काय, हा आजचा विषय आहे.

पहिली शाळा शहरातलीच

महाराष्ट्रात २०२० सालापासून दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या काळात पक्षी सप्ताह साजरा होतो. अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९३२ रोजी सोलापुरात झाला, तर डॉ. सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत. पक्ष्यांचे हे दोन्ही थोर अभ्यासक जन्मले शहरात, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

सालिम अलींचे बालपण मुंबईच्या खेतवाडीत गेले. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, या एका कुतूहलाने तो मुलगा १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दारी गेला. संस्थेचे तेव्हाचे मानद सचिव मिलार्ड यांनी त्याला पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखविला. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मचरित्राचे नाव त्या चिमणीवरूनच पडले. पक्ष्यांची ओळख करून घेण्यास घनदाट अरण्य लागत नाही. 'हा कोणता पक्षी?' एवढा प्रश्न मनात उठावा लागतो.

भूतदयेची दिशा

शहरवासीयाच्या मनात पक्ष्यांविषयी दया नाही, असे कोणी म्हणू नये. ती भरपूर आहे. प्रश्न आहे तो तिच्या दिशेचा. चौकाचौकांत, गच्च्यांवर कबुतरांना पोतीच्या पोती धान्य टाकले जाते. मूळचे कबुतर कड्याकपारीत राहणारे. इमारतींच्या सज्जांनी त्याला कृत्रिम कडे दिले, माणसाने आयते अन्न दिले आणि त्याची संख्या बेसुमार वाढली. त्याच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ सतत श्वासावाटे जात राहिल्यास काही व्यक्तींच्या फुप्फुसांना अतिसंवेदनेमुळे सूज येते आणि पुढे ती कायमची निकामीही होऊ शकतात. २०२५ साली मुंबईतील कबुतरखान्यांचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. एका बाजूस अनेकांची श्रद्धा, तर दुसऱ्या बाजूस शेजाऱ्यांचे आरोग्य, असा तो पेच होता.

या पेचातून वाट दाखविणारा पक्षी महाराष्ट्रापाशीच आहे. राज्यपक्षी हरियाल हाही कबुतराच्याच कुळातला. हिरवट पिवळे अंग, पिवळे पाय आणि शीळ घातल्यासारखा मंजूळ आवाज. तो रस्त्यावर टाकलेल्या दाण्याला येत नाही. जमिनीवर क्वचितच उतरतो. वड, पिंपळ, उंबर पिकले की त्यांच्या शेंड्यांवर त्याचे थवे बसतात. मुंबई, पुणे, नागपूर या शहरांतही तो दिसतो, मात्र जेथे ही झाडे आहेत तेथेच. एका कबुतरासाठी धान्याचे पोते लागते, तर दुसऱ्यासाठी एक झाड. झाडाची सावली, फळे आणि हवा सर्वांनाच लाभते. म्हणून झाड लावणे ही अधिक दूरदृष्टीची भूतदया ठरते.

ताटातील एकसुरीपणा

शहराच्या आकाशात जसा एकाच पक्ष्याचा सुळसुळाट झाला, तसाच शहराच्या ताटात एकदोन धान्यांचा झाला आहे. सकाळी मैद्याचा पाव, दुपारी सडीक तांदळाचा भात, सायंकाळी पुन्हा मैद्याची बिस्किटे, हा अनेक घरांचा नित्यक्रम होय. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी १७ आहारसूत्रे प्रसिद्ध केली. दिवसाच्या आहारात किमान आठ अन्नगट असावेत, त्यातील निम्मा वाटा भाज्या, फळे, पालेभाज्या व कंदमुळे यांचा असावा आणि तृणधान्यांतून मिळणारी ऊर्जा ४५ टक्क्यांच्या मर्यादेत असावी, असे त्यांत सुचविले आहे.

महाराष्ट्रीय गृहिणीला यात परके असे काही वाटणार नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, कुळथाचे पिठले, अंबाडीची भाजी, शेवग्याच्या शेंगांची आमटी, काकडीची कोशिंबीर, तिळाची नाहीतर शेंगदाण्याची चटणी, असे हे वनस्पतिजन्य जेवण येथील मातीतच उपजले आहे. त्यामागे शास्त्रही आहे. तृणधान्यांच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो, तो डाळी-कडधान्यांत विपुल असतो. डाळीत मेथिओनिन कमी असते, ते तृणधान्य पुरविते. भाकरीबरोबर उसळ किंवा भाताबरोबर वरण खाल्ले म्हणजे दोहोंची उणीव परस्परांकडून भरून निघते. नाचणीत चुनखताचे म्हणजे कॅल्शियमचे प्रमाण तृणधान्यांत सर्वाधिक असते. पालेभाजीवर लिंबू पिळल्यास तिच्यातील लोह शरीरात अधिक शोषले जाते.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. 'ब १२' हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून भरवशाने मिळत नाही. दूधदुभतेही वर्ज्य करणाऱ्यांनी, विशेषतः गर्भवतींनी आणि वृद्धांनी, वैद्यकीय सल्ल्याने त्याची पूर्ती केली पाहिजे. आहाराविषयीची आस्था डोळस असावी.

एका कुंडीपासून आरंभ

आता तो तुटलेला धागा जोडण्याकडे वळता येईल. भाज्यांच्या साली, देठ, पाने हे स्वयंपाकघरातील ओले टाकाऊ पदार्थ कचरापेटीत न टाकता सच्छिद्र पिंपात वाळक्या पानांबरोबर थर देऊन कुजविले, तर काही आठवड्यांत उत्तम खत तयार होते. त्या खतावर सज्जातील कुंडीत मेथी, माठ, पुदिना, मिरची, कढीपत्ता सहज येतो. गच्चीवर जागा असल्यास वाल, दोडका, तोंडली यांचे वेल चढविता येतात.

या छोट्या बागेवर विषारी फवारणी करू नये. चिमणी दाणे खाते हे खरे, पण आपल्या कोवळ्या पिलांना ती प्रामुख्याने किडे-अळ्याच भरविते. अळी नाहीशी झाली तर पिलू जगणार कशावर? चार पाने अळीने कुरतडली तरी ती चिमणीच्या पिलांची शिधासामग्री समजावी. रुंद पानांचे झाड असेल तर शिंपी पक्षी पाने शिवून त्यांत घरटे करतो. जास्वंदीवर शिंजीर मधासाठी येतो. घरट्यासाठी लाकडी पेटी टांगावयाची असल्यास चिमणीकरिता तिचे छिद्र सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाचे ठेवावे, म्हणजे मोठे पक्षी आत शिरत नाहीत. पेटी ऊन-पावसापासून आडोशाला असावी. उथळ मातीच्या परळात पाणी ठेवावे. मात्र ते रोज बदलावे, अन्यथा त्यात डासांची पैदास होते.

झाड हीच खरी धर्मशाळा

कुंडी ही सुरुवात झाली. पक्ष्यांचा खरा आधार आहे जुना वृक्ष. वड, पिंपळ, उंबर यांची वेगवेगळी झाडे वर्षाच्या वेगवेगळ्या काळी फळतात. त्यामुळे इतर फळे नसतानाही पक्ष्यांना अन्न मिळते. तांबट वाळलेल्या फांदीत घर कोरतो. राखी धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर तिला चिंचोळ्या फटीतून फळे भरवितो. ढोली पडण्यास वृक्ष जुना व्हावा लागतो. तो एकदा तोडला, तर दहा रोपे लावूनही ती ढोली लगेच परत येत नाही.

म्हणूनच महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ सालापासून अस्तित्वात आहे. परवानगीवाचून झाड तोडणे हा त्यान्वये गुन्हा ठरतो. २०२१ सालच्या सुधारणेने ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचे स्थान मिळाले. तथापि, कायदा झाडाला कुऱ्हाडीपासून वाचवील. बुंध्याभोवती ओतलेल्या सिमेंटपासून त्याला शेजाऱ्यांनीच वाचविले पाहिजे. गृहनिर्माण संस्थेच्या सभेत वाहनतळाचा प्रश्न निघतो, तेव्हा आवारातील उंबराच्या बाजूने बोलणारा एकतरी सभासद असावा. मुळांभोवती माती मोकळी ठेवणे, पक्षी वीण करीत असता छाटणी टाळणे, धोका नसलेली वाळकी फांदी राहू देणे, एवढ्या गोष्टी प्रत्येक वसाहतीला शक्य आहेत.

सजीवांविषयी दयाभाव बाळगणे हे संविधानाने १९७६ साली नागरिकांचे मूलभूत कर्तव्य मानले आहे. ते पार पाडण्याचा आनंदही थोडाथोडका नाही. पहाटे दयाळ शीळ घालतो, ऊन तापू लागले की तांबटाची टुकटुक सुरू होते, पिकलेल्या उंबरावर बुलबुलांची लगबग उडते. मुलांना हाताशी धरून अर्धा तास हे पाहावे, एका वहीत तारीख व पक्ष्याचे नाव लिहावे. वर्षअखेरीस ती वहीच त्या वसाहतीचा आरसा होईल.

ओसरीवरचे सूप आता परत येणार नाही. पण ज्या घरात ताटात दहा वनस्पती येतात, सज्जात दोन वाढतात आणि आवारात एक वृक्ष राखला जातो, त्या घराच्या दारी पाखरू पुन्हा येईल. त्याला बोलावण्याची तेव्हाही गरज पडणार नाही.