घराण्यातला रक्तदाब



रक्तदाबाची गोष्ट निघाली की आपण म्हणतो, "आमच्या घराण्यातच आहे." ते खोटे नव्हे. आईबापांना असला की मुलांना होण्याचा संभव वाढतो. पण घराण्यातून नुसते रक्त येत नाही, ताट वाढण्याची रीतही येते.

इंग्लंडात डॉ. बार्कर यांनी जुन्या जन्मनोंदी धुंडाळून १९८९ च्या सुमारास दाखविले की, कमी वजनाने जन्मलेल्यांना मोठेपणी रक्तदाब व हृदयविकार अधिक होतो. एक कारण मूत्रपिंडाचे सांगतात. त्यातील रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म गाळण्या पोटात असतानाच घडतात. पुरे दिवस भरलेल्या बाळाला पुढे नव्या मिळत नाहीत. थोड्या असल्या की जन्मभर त्यांच्यावर ताण.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांत गर्भारणींचा अभ्यास केला. बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो. पालेभाजी, फळे, दूध पोटात जाणाऱ्यांची बाळे भरलेली. फार कष्ट उपसणाऱ्यांची लहान.

आता आपल्या नंदुरबारात पाहा. मेथी बाजारात ढिगाने येते, पण सून जेवायला बसते सर्वांच्या मागून, आणि तोवर पातेले रिकामे! तिचे ताट आधी वाढावे. दिवस भरत आल्यावर पाण्याचा हंडा दुसऱ्या कुणी उचलावा. मुलग्यांनी उचलला तरी चालेल.

आणि लहान जन्मलेल्यांनी घाबरू नये. तिशीनंतर वर्षातून एकदा दाब मोजून घ्यावा, लोणच्या-पापडावर हात राखावा.