अणुस्फोट : घरें आणि माणसें

ता. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ ही आगबोट पेटली. तिच्या पोटांत सुमारें १४०० टन स्फोटक द्रव्यें आणि कापसाच्या गांसड्या एकत्र भरल्या होत्या. धोक्याचें लाल निशाण मात्र तिच्यावर नव्हतें. चार वाजून सहा मिनिटांनीं पहिला स्फोट झाला, सुमारें अर्ध्या तासानें दुसरा. आग विझविणारे ६६ बंबवाले आणि शेंकडों मजूर व नागरिक प्राणांस मुकले. हादऱ्याची नोंद थेट सिमल्याच्या भूकंपमापकावर झाली.

पुढच्या वर्षीं, ६ ऑगस्ट १९४५ रोजीं, हिरोशिमावर पडलेल्या अणुबाँबची शक्ति सुमारें १५००० टन स्फोटकांइतकी, म्हणजे गोदींतील साठ्याच्या दसपट होती. परंतु भेद केवळ मापाचा नव्हे. अणुस्फोटांत प्रथम डोळे दिपविणारा प्रकाश व दाहक उष्णता येते, तिच्याबरोबरच अदृश्य किरण येतात, आणि मागाहून हवेचा धक्का येतो. तीन किलोमीटर अंतर तोडण्यास धक्क्याला सात-आठ सेकंद लागतात. तेवढ्यांत कुतूहलानें खिडकीशीं जाणारास कांचांचे तुकडे भोंसकतात. जमिनीवर पालथें पडणारा पुष्कळदां बचावतो.

हिरोशिमांत लांकडी घरें दोन किलोमीटरपर्यंत कोसळलीं, सिमेंट-सळईच्या कांहीं इमारती उभ्या राहिल्या. स्फोटाच्या खालींच असलेल्या, आज घुमटामुळें ओळखल्या जाणाऱ्या इमारतीच्या भिंती टिकल्या; आंतील माणूस एकही वांचला नाहीं.

महाड-पोलादपूर भागांतील बिरवाडी मुंबईहून सरळ रेषेंत शंभर-सव्वाशें किलोमीटर दूर आहे. तेथील गृहस्थास वाटेल, आपणांस कसलें भय? पण १ मार्च १९५४ रोजीं बिकिनी बेटावर अमेरिकेनें केलेल्या चाचणीची राख सुमारें १३० किलोमीटर दूर असलेल्या जपानी मासेमारी नौकेवर पडली. तीवरील तेवीसही खलाशी आजारी पडले. त्यांतील एक त्याच वर्षीं वारला.

या राखेवर उपाय साधा आहे. घराच्या आंतल्या खोलींत बसावें, दारें-खिडक्या लावाव्या, बाहेरून आल्यास वस्त्रें उतरवून साबणानें अंग धुवावें, अन्नपाणी झांकावें. तिचा जोर सात तासांत दहाव्या हिश्शावर, दोन दिवसांत शंभराव्या हिश्शावर येतो. म्हणून पहिले दोन दिवस धीर धरणें, हेंच मोठें संरक्षण.

गोदींतील त्या बंबवाल्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर पाळला जातो. शौर्य त्यांच्यापाशीं होतें. उणी होती ती वेळेवर मिळालेली माहिती. ती घरोघरीं असणें, हेंच त्यांचें खरें स्मरण होय.