रक्तपेढीची वही



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषणाची मला सवय नाही. पण गेल्या मे महिन्यात घरात जे घडले ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

माझी धाकटी जाऊ बाळंत झाली आणि रक्तस्राव काही केल्या थांबेना. दोन पिशव्या रक्त तातडीने हवे होते. भाऊजी चाकणच्या कारखान्यातून रात्रपाळी सोडून आले आणि एका रक्तपेढीतून दुसरीत धावत राहिले. अखेर शेजारच्या मुलाने मोबाईलवर ‘ई-रक्तकोष’ उघडले. कोणत्या पेढीत कोणत्या गटाच्या किती पिशव्या आहेत, हे २०१६ सालापासून सरकारने त्यावर पाहण्याची सोय केली आहे. रक्त मिळाले, जाऊ वाचली. रक्त आपल्याच शहरात होते, पण ते कोठे आहे हे आम्हाला ठाऊक नव्हते.

पुढे मी पेढीतल्या बाईंना भेटले. त्या म्हणाल्या, तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट मात्र पाचच दिवस. म्हणजे आपल्या फडताळासारखेच. तारीख पाहून जुने आधी वापरायचे. रक्त चढवताना रोग्याचे नाव, गट आणि पिशवीचा नंबर दोघांनी पडताळायचा, कारण चुकीच्या गटाचे रक्त जीवही घेते. १९५२ साली डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत ‘बॉम्बे’ रक्तगट शोधला. साध्या तपासणीत तो ओ वाटतो, पण त्या रोग्याला ओ गटाचे रक्त चालत नाही. असा दुर्मिळ दाता नोंदीवाचून सापडावा कसा?

आता आपले पाहू. वर्धापनदिनाला आपण सगळ्याजणी एकाच दिवशी रक्त देतो. मे महिन्यात कॉलेजे बंद, कामगार गावी गेलेले. तेव्हा पेढीत चणचण असते आणि आपल्या पिशव्यांची मुदत केव्हाच संपलेली असते.

म्हणून माझी विनंती आहे. मंडळाने एक वही घालावी. नाव, गट, मागील रक्तदानाची तारीख आणि हिमोग्लोबिन त्यात लिहावे. बाईला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. आपण तीन तुकड्या करू. एकीने मे महिना सांभाळावा.

वहीत पहिले नाव माझेच आहे. हिमोग्लोबिन साडेबारा लागते. माझे अकरा भरले, म्हणून मला परत पाठवले. तेही मी लाज न धरता लिहिले आहे. औषध चालू आहे. येत्या मे महिन्यात मी रक्त देणार.