उरलेल्या तारा

मोटारसायकलीचा जुना पुढचा दिवा काढून त्या जागी एलईडी दिवा बसविणे हे आजकाल अर्ध्या तासाचे काम झाले आहे. दिल्लीच्या करोल बागेत, बंगळूरच्या जे. सी. रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत ते रस्त्याच्या कडेलाच उरकले जाते. चार स्क्रू काढावयाचे, जुनी काच आणि बल्ब बाहेर घ्यावयाचा, नवा दिवा लावून कळ दाबावयाची. समोरच्या भिंतीवर शुभ्र उजेड पडला की गिऱ्हाईक प्रसन्न होते आणि मिस्त्री हात पुसू लागतो. पण त्याच वेळी दिव्याच्या पोकळीत कोणी डोकावून पाहिले, तर दोन-चार तारा कोणाशीही न जोडलेल्या अशा लोंबत असलेल्या आढळतील. त्यांना घाईघाईने टेपचा एखादा वेढा दिला जातो, त्या आत कोंबल्या जातात, वर दिवा बसतो आणि त्या विस्मरणात जातात.

या तारा उरतात कशा, ते आधी पाहू. उदाहरणादाखल ३५० सीसीची बुलेट घ्यावी. तिच्या सात इंची गोल दिव्यातील हॅलोजन बल्बला तीन पाती असतात: एक अर्थिंगचे, एक खालच्या झोताचे आणि एक वरच्या झोताचे. गॅरेजच्या बोलीत या झोतांना डिपर आणि अप्पर म्हणतात. ६० आणि ५५ वॉटच्या या बल्बला चार-पाच अँपिअर प्रवाह लागतो. नव्या एलईडी दिव्याचे काम बहुधा याहून पुष्कळच कमी प्रवाहात भागते. पांढरा उजेड देणारा हा दिवा शक्य झाला तो निळ्या एलईडीच्या शोधामुळे, आणि त्या शोधाबद्दल आकासाकी, अमानो व नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तो जुन्या होल्डरात बिनतक्रार बसतोही. परंतु जुन्या दिव्यात पायलटचा लहानसा बल्ब असेल, तर त्याला नव्या दिव्यात जागा नसते. त्याची तार मोकळी राहते. उलट नव्या दिव्याला प्रकाशवलयाच्या आणि बाजूच्या इशाऱ्यांच्या जास्तीच्या तारा असतात, त्यांना गाडीत जोडीदार नसतो. लग्नात जसा वधूपक्ष आणि वरपक्ष, तशा या गाडीकडच्या तारा आणि दिव्याकडच्या तारा होत. दिव्याकडची मोकळी तार सहसा निरुपद्रवी. तरीही तिचे टोक उघडे ठेवू नये, कारण काही दिव्यांत आतल्या जोडणीमुळे तिच्यातही दाब उतरतो. खरी काळजी घ्यावयाची ती गाडीकडच्या तारेची.

बारा व्होल्टचा धक्का माणसाला बसत नाही, आणि म्हणूनच ही तार बेपर्वाईने हाताळली जाते. वस्तुतः मोटारसायकलीचा सारा लोखंडी सांगाडा हा बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडलेला असतो. तेव्हा चालू तारेचे उघडे टोक दिव्याच्या पत्र्याला, हँडलला किंवा चौकटीला जेथे कोठे टेकेल, तेथे मंडल पुरे होते. मध्ये दिवा नाही, विरोध जवळजवळ नाही. तार आणि जोडण्या मिळून विरोध एक दशांश ओहम धरला, तरी हिशेबाने प्रवाह शंभर अँपिअरांच्या वर जातो. फ्यूज शाबूत असला तर तो वितळतो. पुष्कळ गाड्यांत त्याच फ्यूजवर प्रज्वलनाचेही मंडल असते. म्हणजे दिवा तर जातोच, पण इंजिनही थांबते. उभ्या गाडीवर हे घडले तर गैरसोय होईल, इतकेच. परंतु घाटातल्या वळणावर हँडल पूर्ण फिरले, तारांचा जुडगा ताणला गेला, सैल टेप सरकला आणि टोक पत्र्याला लागले, तर ते घडावयाचे नेमके अंधारात, वळणात आणि मागून ट्रक येत असताना. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातील चांदी किंवा तारेचा तुकडा घातलेला असेल, तर तारच लाल होऊन वेष्टन पेटते, आणि वर पेट्रोलची टाकी असते!

म्हणून पहिले काम ओळखीचे. रंगांवर विसंबू नये. होंडाच्या घराण्यातील गाड्यांत हिरवी तार अर्थिंगची असते, इतर बनावटींत तेच काम काळी करते. आणि पूर्वी कोणी मिस्त्रीने हात घातलेला असेल, तर रंगांना काही अर्थच उरत नाही. टेस्ट बल्बचे एक टोक चौकटीला लावून दुसऱ्याने प्रत्येक तार तपासावी, आणि तीही कळीच्या प्रत्येक अवस्थेत: चावी बंद, चावी चालू, डिपर, अप्पर, आणि ओव्हरटेकचे बटण दाबलेले. काही तारा ते बटण दाबलेले असेपर्यंतच जिवंत असतात. याहून फसवा प्रकार जुन्या गाड्यांचा. त्यांचा पुढचा दिवा बॅटरीवर न चालता इंजिनाच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर चालत असे, व इंजिन मंदावले की मिणमिणत असे. त्या प्रवाहावर एलईडी लुकलुकतो, म्हणून मिस्त्री रिले घालून बॅटरीवरून नवी तार आणतात. जुनी तार तशीच राहते. इंजिन बंद असताना ती मेलेली वाटते, आणि इंजिन सुरू होताच जिवंत होते. तिची परीक्षा इंजिन चालू ठेवूनच झाली पाहिजे. बॅटरीवरून आणलेल्या नव्या तारेला मात्र बॅटरीजवळच स्वतंत्र फ्यूज हवा. ही गोष्ट बहुतेक ठिकाणी टाळली जाते, आणि ते अक्षम्य होय.

ओळख पटल्यावर तार कापून टाकण्याचा मोह आवरावा. उद्या नवा दिवा बिघडला आणि जुना परत लावण्याची वेळ आली, तर बोटभर उरलेली तार काय कामाची? शिवाय अर्थिंगची तार कधी कधी शेजारच्या इशारा-दिव्यालाही वाटून दिलेली असते. ती तुटली की तोही जातो. तारेची मूळ जोडणी असेल, तर तिचे तोंड रबरी टोपीने झाकावे. उघडे टोक असेल, तर त्यावर उष्णतेने आवळणारी नळी टोकापुढे अर्धा इंच जाईल अशी चढवावी, तापवावी, आणि पुढचा भाग गरम असतानाच चिमटून बंद करावा. प्रत्येक टोकाला स्वतंत्र नळी हवी. दोन टोके एकाच वेढ्यात गुंडाळणे म्हणजे त्यांची गाठ घालून देणेच. नुसता चिकटपट्टीचा वेढा आपल्या उन्हाळ्यात टिकत नाही. गोंद पाघळतो आणि पट्टी सुटते.

मग तार मागे दुमडून मूळ जुडग्याला बांधावी. टोके एकाच ठिकाणी न आणता पुढेमागे ठेवावीत, आणि तोंड खाली असावे, म्हणजे पावसाचे पाणी नळीत साचत नाही. एलईडीच्या मागील पंख्याला किंवा उष्णता बाहेर टाकणाऱ्या पाकळ्यांना तार टेकू देऊ नये. शेवटी हँडल डावीकडे व उजवीकडे पूर्ण फिरवून पाहावे. कोठे ताण दिसला, तर बांधणी सोडून पुन्हा करावी. वारंवार वाकणाऱ्या तांब्याचे धागे वेष्टनाच्या आत तुटतात आणि बाहेरून काही कळत नाही. हे सारे झाल्यावर कागदाच्या चिठ्ठीवर कोणती तार कशाची, ते लिहून ती हत्यारांच्या पिशवीत ठेवावी. वर्षा-दोन वर्षांनी तो दिवा उघडणारा मिस्त्री बहुधा दुसराच असतो.