किती सीसीची गाडी घ्यायची?

गेल्या महिन्यात आमच्या गटाकडं कर्जाचे तीन अर्ज आले, तिन्ही दुचाकीसाठी. एकीचा दुधाचा धंदा, दुसरी घाट उतरून बाजाराला भाजी नेते, तिसरी अंगणवाडीत. आणि तिघींच्या अर्जात ओळ एकच: '१२५ सीसीची स्कूटी'. का, तर दुकानदार म्हणाला! हप्ते फेडायचे आपण, म्हणून बैठकीत आधी सीसीचाच विषय घेतला.

सीसी म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरमधली जागा. एक सीसी म्हणजे एक मिलिलिटर. खोकल्याच्या औषधाची १०० मिलीची बाटली असते ना, १०० सीसीच्या इंजिनात दट्ट्या खाली आला की तेवढी जागा मोकळी होते. जागा जास्त, तर पेट्रोल आणि हवा जास्त मावते, जोर जास्त मिळतो. पण बहुतेक वेळा किंमतही वाढते आणि पेट्रोलही.

आपल्याला वेग कुठं पाहिजे? आपल्याला पाहिजे ओढ. तिला दुकानात 'टॉर्क' म्हणतात, तो आकडा मुद्दाम विचारा. १०० सीसीच्या मोपेडचा साधारण साडेसहा, ११० च्या स्कूटीचा नऊच्या आसपास, १२५ चा दहाच्या आसपास. म्हणजे ११० आणि १२५ मध्ये फरक एकाचा. सपाटीला तो कळतही नाही, दोघी बसून घाट चढताना मात्र कळतो.

दुधवालीचं गणित सोपं निघालं. वीस लिटरच्या दोन किटल्या म्हणजे चाळीस किलोच्या वर दूध. पण डेअरी तीन किलोमीटरवर, रस्ता सपाट. तिला मोपेड पुरते. गाडी नव्वद किलोच्या आतबाहेर, मागची सीट काढता येते, पुढं किटली ठेवायला जागा, आणि चाकं स्कूटीपेक्षा मोठी, त्यामुळं खड्ड्यात आदळत नाही.

भाजीवालीवर वाद रंगला. मागं जाऊ बसणार, पुढं पिशव्या, आणि वाटेत घाट. आम्ही तिला १०० सीसीची गिअरची गाडीही सुचवली. पहिल्या गिअरमध्ये छोटं इंजिनही चढ ओढतं, आणि उतारावर गिअर गाडीला धरून ठेवतो, नुसत्या ब्रेकवर भार येत नाही. ती म्हणाली, "नऊवारी नेसून गिअर घालू का मी?" सगळ्या हसल्या, पण मुद्दा खरा होता. तिच्यासाठी १२५ ठरली. हप्ता थोडा जास्त बसेल, तो तिनं भाजीच्या हिशेबातून दाखवला.

परदेशात 'ट्रायल्स' नावाची स्पर्धा असते, दगडधोंड्यांवरून गाडी चढवायची. तिथं अवघड टप्प्यात जमिनीला पाय टेकला की दंडाचे गुण. आपलं उलटं आहे, आपले पाय टेकलेच पाहिजेत. अंगणवाडीवाली उंचीनं कमी. तिला आम्ही सांगितलंय, रोजची चप्पल घालून ११० वर बसून ये, दोन्ही पाय नीट टेकले तर पुढचं बोलू. तिचा अर्ज अजून तसाच ठेवलाय.

लायसन्सचंही बघा. बिनगिअरच्या लायसन्सवर गिअरची गाडी चालवता येत नाही. विम्याला घाबरू नका, ७५ ते १५० सीसीपर्यंत थर्ड पार्टीचा दर एकच असतो. आणि हेल्मेट दोन घ्या, मागचीलाही कायद्यानं लागतं.

दुकानदार चालवून बघायला गाडी देतो ती सपाट रस्त्यावर. तुम्ही चढ मागा. मागं एक मैत्रीण बसवा, चढावर मधेच थांबा आणि तिथूनच पुन्हा निघून बघा.