मोबाईल आहे, विरजण कुठं आहे?



आपल्या पदवीच्या मुलामुलींची ऑनलाइन शिक्षणाची तयारी झाली आहे का, असं विचारलं की लगेच उत्तर येतं, ‘मोबाईल आहे, नेट आहे, अजून काय पाहिजे?’ मोबाईल नव्हता तेव्हाचे हाल मी विसरलेले नाही. २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातल्या शंभरातल्या पाच घरांतही संगणक नव्हता. पुढे करोनाची टाळेबंदी आली आणि मुलं रेंजसाठी टेकडीवर जाऊन बसली. तो प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. पण आज मला दुसरंच सांगायचंय आणि मिनिटं मोजकी आहेत.

घरी दही कसं लावतो, आठवा. दूध चांगलं हवं, कोमट हवं. त्यात चमचाभर विरजण घालायचं, झाकण ठेवायचं आणि भांडं रात्रभर हलवायचं नाही. ऑनलाइन व्याख्यान म्हणजे दूध. दूध उत्तम आहे. २०१७पासून ‘स्वयम्’ या ऑनलाइन शिक्षणाच्या सरकारी संकेतस्थळावर आयआयटीतल्या प्राध्यापकांची व्याख्यानं कुणालाही घरबसल्या, फुकट ऐकता येतात. पण मुलं काय करतात? भांड्यांवर भांडी भरून घेतात. दीडपट वेगानं एक व्हिडिओ, लगेच दुसरा, तिसरा. सकाळी झाकण काढावं तर दूध ते दूधच, नाहीतर नासलेलं. कारण विरजण कुणी घातलेलंच नसतं.

विरजण पडलं, असं आपण एरवी वाईट अर्थानं म्हणतो. इथं ते आठवणीनं घालायचंय. व्हिडिओ संपला की मोबाईल पालथा ठेवायचा, वही घ्यायची आणि आपल्या शब्दांत अर्धं पान लिहायचं. काय कळलं ते, आणि शेवटी न कळलेल्या गोष्टीचा एक प्रश्न. अर्धं पान, पुरे.

वर्गात हे काम सर किंवा मॅडम करतात. ‘काय गं, मागच्या बाकावरची, तू सांग बघू,’ म्हटलं की पोर दचकते, आठवू लागते, अडखळत बोलते. त्या अडखळण्यात विषय लागायला सुरुवात होते. मोबाईलमधले सर कुणाला उठवत नाहीत. तिथं आपणच आपल्याला उठवायचं असतं, आणि ही सवय आपण मुलांना लावलेलीच नाही.

उलट लिहायची जी सवय होती, तीही मोडली. २०२०च्या ऑक्टोबरात अंतिम वर्षाच्या परीक्षा बऱ्याच विद्यापीठांनी बहुपर्यायी प्रश्नांवर घेतल्या. वेळ तशी होती, मी दोष देत नाही. पण मुलांच्या हातातलं लिहिणं तेव्हा सुटलं ते सुटलंच.

घरबसल्या शिकणं काही नवं नाही. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची, १९८९पासूनची, पुस्तकं काढून बघा. धडा मध्येच थांबतो आणि वाचणाऱ्याला प्रश्न विचारतो. दिवसभर नोकरी करून रात्री शिकणारी माणसं त्या प्रश्नांपाशी थांबायची, उत्तर लिहायची, मग पुढे जायची. मोबाईल नसताना त्यांची तयारी आजच्या मुलांपेक्षा जास्त होती, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘स्वयम्’वरही व्हिडिओबरोबर वाचायचं साहित्य, स्वतःला तपासायच्या चाचण्या आणि शंका विचारायला चर्चेची जागा आहे. आमची मुलं व्हिडिओपाशीच थांबतात. २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय असे ऑनलाइन घेता येतात. म्हणजे निम्म्याला थोडंच कमी दूध आता घरात येऊ शकतं. म्हणून पुन्हा सांगते, अर्धं पान लिहा.

आता पालकांना दोन शब्द. भांडं हलवायचं नाही, असं मघाशी म्हटलं. मुलगी वही घेऊन बसली की तिचा अभ्यास चाललाय, आणि मोबाईल घेऊन बसली की ती रिकामी आहे, असं बहुतेक घरांत धरलं जातं. ‘जरा कणीक मळ गं,’ ‘दळण आण गं,’ ‘पाहुण्यांना पाणी दे.’ मुलाला सहसा कुणी उठवत नाही, पण त्याचा मोबाईलच दर दोन मिनिटांनी किणकिणून त्याला हलवतो. दोघांचंही दही लागत नाही. दिवसातला एक तास घरानं ठरवून द्या. त्या तासात तिला हाक मारू नका आणि त्याच्या मोबाईलचे आवाज बंद राहतील एवढं बघा.

प्राध्यापक मित्रमैत्रिणींनो, ऑनलाइन तासाला कोण हजर होतं याची यादी ठेवता, ती ठेवा. पण आठवड्यातून एकदा ती अर्धी पानंही मागवा. साठ मुलांची तपासायला वेळ कुठून आणायचा, हा तुमचा प्रश्न खरा आहे. त्यावर एक उपाय... स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण झाली आहे.

मुलांनो, आज रात्री एकच व्हिडिओ बघा. मग मोबाईल पालथा ठेवा आणि अर्धं पान लिहा. पेनानं.