वासरांची हगवण



वासरू हगवणीनं मेलं असं आपण म्हणतो; बहुधा ते अंगातलं पाणी आटून मरतं. घाणेरडी कास, ओला गोठा, खरकटी बादली यांतून जंतू पोटात जातात. आतडी सुजतात. मग अंगातलं पाणी व क्षार शेणावाटे वाहून जातात. डोळे खोल जातात, कान गार पडतात.

दूध तोडू नका. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून, दोन दुधांच्या मधल्या वेळात थोडं थोडं पाजा. शेणात रक्त दिसलं किंवा वासरू उठेना, तर ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

मूळ उपाय मात्र चीक. जार पडायची वाट न पाहता जन्मल्यापासून दोन तासांत तो पाजा. रोगाशी झुंजायची ताकद त्यातूनच मिळते.